मिठागर आणि हिमसागर

मिठागरात ऊन पाणी उचलून नेते आणि मीठ मागे ठेवते, हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर तेच काम थंडी करते. उणे १.९ अंश सेल्सियसच्या सुमारास समुद्र गोठू लागतो. बर्फात जाते ते मुख्यत्वे गोडे पाणी. क्षार बाहेर टाकले जातात आणि खालचे पाणी अधिक खारे, म्हणून अधिक जड होते. हिमपठारावरून उतरणारे प्रचंड वारे नवा बर्फ किनाऱ्यापासून दूर लोटतात, उघडे पडलेले पाणी पुन्हा गोठते, आणि हा उद्योग हिवाळाभर चालतो. वेडेल व रॉस समुद्रांतून हे जड पाणी उतारावरून घरंगळत चार हजार मीटरांहूनही खोल तळ गाठते. तेथून ते शतकानुशतके उत्तरेकडे सरकत राहते. खोल पाण्यातील जीव श्वास घेतात तो त्यानेच नेलेल्या प्राणवायूवर. मिरामारला पाय भिजविणाऱ्यास खरे वाटणार नाही, परंतु अरबी समुद्राच्या तळाशी दोन अंशांच्या आसपास असलेल्या गार पाण्याचे मूळ बव्हंशी त्या दक्षिणेतच आहे!

हा व्यवहार आता मंदावत चालला आहे. वेडेल समुद्राच्या तळावरील सर्वांत थंड व जड पाण्याचे प्रमाण १९९२ पासून सुमारे तीस टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेथे वारे दुबळे झाले, बर्फ कमी बनू लागला, हे त्याचे कारण सांगितले जाते. रॉस समुद्राकडे वितळत्या हिमाचे गोडे पाणी मिसळून समुद्राचा खारेपणाच उतरत आहे. इंधनाचा धूर असाच वाढता राहिला, तर २०५० पर्यंत हा खोल प्रवाह चाळीस टक्क्यांनी मंदावेल, असे गणित ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी मांडले. गणित ते गणितच. पण ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये निघाली ती याच गोव्याहून. तेव्हा सर्वांना कौतुक वाटले ते बर्फावरील तिरंग्याचे, आणि ते योग्यच होते. बर्फाखालच्या पाण्याची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही. आज ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र वास्कोत आहे, समुद्रविज्ञान संस्था दोनापावलात. तेथील विद्वानांनी आपली मोजमापे इंग्रजी नियतकालिकांपुरती न ठेवता येथील मच्छीमारांना व विद्यार्थ्यांना कळेल अशा मराठीत सांगावीत, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी आमचे रकाने खुले आहेत.