घरातील व्याकरण आणि सामान्यरूप

निरवांगी हे इंदापूर तालुक्यातील नीराकाठचे गाव. अशा गावातील मूल शाळेत जाण्यापूर्वीच ‘उसाला पाणी दिलं’ हे वाक्य सहज बोलते. ‘ऊसला’ असे म्हणत नाही. प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, हा नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली व मोरो केशव दामले यांचे १९११ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील नियमांचा आधारही अखेर बोलणाऱ्यांचा हा व्यवहारच होय.

म्हणून घरी व्याकरण शिकविताना आरंभ व्याख्येपासून करू नये. स्वयंपाकघरातील ‘मीठ’ घ्यावे व ‘मिठात’ कसे झाले ते विचारावे. ‘फूल’, ‘विहीर’ या जोड्या मूल स्वतःच जुळविते. मग ‘शरीर’ पुढे ठेवावे. ‘शरीरात’ मध्ये दीर्घ ईकार टिकतो, कारण शब्द तत्सम आहे. नियम अडला की मूल खरा विचार करू लागते. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी चिंच खाल्ली’ या वाक्यांत बोलणारा एकच असून क्रियापद बदलते; कर्मणी प्रयोगाची ओळख येथेच होते.

खरी अडचण निराळी आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पालक ‘अशुद्ध बोलू नको’ म्हणून दटावतात. ते मूल ‘पाण्याला’ म्हणावयाच्या ठिकाणी ‘पान्याला’ म्हणते. म्हणजे उच्चार बोलीतील असला तरी सामान्यरूपाचा नियम त्याने अचूक पाळलेला असतो. दटावणीने उच्चार क्वचितच बदलतो, बोलणे मात्र खुंटते. ‘पाणी’ हे लेखनातील रूप वहीत दाखविले म्हणजे पुरे.