न नांगरण्याचा खंड

जमीन कसणाऱ्याने मालकाला खंड द्यावयाचा, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु जमीन कोणी कसू नये म्हणून सरकारनेच मालकाला खंड द्यावयाचा, हे ऐकणाऱ्याला विपरीत वाटेल. अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात बॅका नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडील लहानसा जिल्हा. तेथील शेतकऱ्याला हा खंड चांगलाच ओळखीचा आहे.

मूळचे हे आखूड गवताचे माळ. पाऊस वर्षाला पंधरा-सोळा इंच. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला भाव आला आणि माळावर नांगर फिरला. 1930 नंतर अवर्षणे एकामागून एक आली, तेव्हा उघडी पडलेली माती वाऱ्याने उचलून नेली. काउंटीची लोकसंख्या दहा वर्षांत 10 हजारांवरून 6 हजारांवर आली. 1935 च्या वसंतात मैदानी प्रदेशातील धूळ थेट राजधानी वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. ह्यू हॅमंड बेनेट हे मृत्तिकातज्ज्ञ अनेक वर्षे कंठशोष करीत होते. 27 एप्रिल 1935 रोजी मृद्‌संधारणाचा कायदा झाला. अहवालांनी जे साधले नाही ते धुळीने साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे 1956 साली जमीन काही वर्षे पडीक ठेवणाऱ्यास मोबदला देण्याची योजना निघाली. तिचे करार संपले, 1972 साली रशियाने गव्हाची प्रचंड खरेदी केली, भाव चढले आणि गवताखालची जमीन पुन्हा नांगराखाली गेली. म्हणून 1985 च्या कायद्याने नवी योजना आणली. शेतकऱ्याने धुपणारी जमीन देऊ करावयाची. ती स्वीकारली गेल्यास दहा ते पंधरा वर्षांचा करार होतो, दरवर्षी खंड मिळतो आणि गवत पेरण्याच्या खर्चाचा काही वाटाही सरकार उचलते. काउंटीच्या कचेरीवर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते.

या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. जेथे पेरणी नाही तेथे बियाणे, खत आणि यंत्रे कोण घेणार? पैसा मालकाच्या हाती येतो. गावातील दुकानदाराच्या आणि कुळाच्या वाट्याला रिकामा हंगाम येतो. हे ओळखूनच कोणत्याही काउंटीतील लागवडीच्या जमिनीपैकी सर्वसाधारणपणे 25 टक्क्यांहून अधिक जमीन योजनेत घेऊ नये, अशी मर्यादा कायद्याने घातली आहे. 2020 च्या जनगणनेत जेथे अवघी साडेतीन हजार माणसे भरली, तेथे ही मर्यादा गौण मानता येत नाही.

खरी अडचण मात्र मुदतीची आहे. सरकार गवत विकत घेत नाही, वर्षे विकत घेते. 2007 साली देशभरात सुमारे 3 कोटी 68 लक्ष एकर या योजनेखाली होते. मक्याचे आणि गव्हाचे भाव वाढले, पुढे कायद्यानेही कमाल मर्यादा खाली आणली, आणि लक्षावधी एकर बाहेर पडले. करार संपलेल्या शेतकऱ्याने गवत राखून गुरे चारावीत, हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा खरा. पण गव्हाच्या दिवसांत जेथे कुंपण नव्हते तेथे नवे घालावे लागते, गुरांसाठी पाण्याची सोय करावी लागते. नांगर मात्र गोठ्यामागे उभाच असतो.