हिशेबी बिशप
दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीचे अँग्लिकन बिशप जॉन कोलेन्सो मूळचे गणिती; त्यांची अंकगणिताची पुस्तके इंग्लंडच्या शाळांत चालत. बायबलचे झुलू भाषांतर करताना सहकारी विल्यम एन्गिडी यांनी विचारले, जलप्रलयाची कथा खरी का? कोलेन्सो बायबलमधल्या आकड्यांच्या हिशेबाला बसले. मोशेबरोबरचे सहा लाख पुरुष त्यांच्या उपासनेच्या मंडपाच्या दारापुढे नऊ-नऊच्या ओळींत उभे केले, तर रांग जवळजवळ २० मैल जाते! १८६२पासून हे छापून येऊ लागले. १८६३मध्ये केपटाउनच्या बिशपांनी त्यांना पदच्युत ठरवले. धर्मग्रंथ म्हणजे काय वाण्याची वही, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. आकडे चुकले म्हणून आशय खोटा ठरत नाही. पण कोलेन्सोही तेच सांगत होते. शिवाय हीच खोड १८७४मध्ये कामी आली: लांगालिबालेले या टोळीप्रमुखावरील खटल्यातल्या साक्षी त्यांनी तितक्याच चिकाटीने तपासल्या आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचा रोष ओढवून घेतला.