मीठ, रंग आणि चाळीस मायक्रॉन

डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे ११०० फूट खाली, मिठाची खाण आहे. चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं हे मीठ. १९१०च्या सुमारास ते काढायला सुरुवात झाली तेव्हा गिऱ्हाइकं होती कातडी कमावणारे आणि खाद्यपदार्थांचे कारखाने. आज ते मुख्यतः रस्त्यावर जातं. खाणीची भुयारं डिअरबॉर्नच्या, म्हणजे फोर्डच्या गावाच्या, खालपर्यंत पसरलेली आहेत. वर मोटारी आणि खाली त्यांना खाणारं मीठ, असा हा शेजार.

बर्फावर मीठ टाकायचे प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्यानं १९३८मध्ये केले. आता अमेरिकेत वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडतं. साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली फारसं चालत नाही, म्हणून त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण मिसळतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. त्यामुळे गाडी उबदार गॅरेजात उभी असली, तरी तिच्या पोटाखालचा चिखल सुकत नाही आणि उबेत गंज उलट जोरानं चढतो.

ट्रॉय, नोव्हाय, कँटन या डेट्रॉइटच्या उपनगरांत मराठी घरं पुष्कळ, आणि त्यांतले कितीतरी जण मोटार उद्योगातच. तिथे पाडवा होऊन जातो तरी कडेला राखाडी बर्फाचे ढीग असतात. मग एखाद्या शनिवारी ऊन पडतं, गाडी बाहेर निघते आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे चमकतात. दोष मिठाला दिला जातो. खरं तर वरच्या पारदर्शक थराला, क्लिअर कोटला, मीठ सहजासहजी काही करत नाही. ओरखडे आपल्या हातचे असतात. बर्फ झाडायचा ब्रश छतावरून खसाखसा फिरवला, दारावरची पांढरी भुकटी कोरड्या फडक्यानं पुसली, की खडीची बारीक कच रंगावर घासली गेलीच.

हा रंग असतो तरी केवढा? पत्र्यावर विजेच्या साहाय्यानं चढवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट. सगळं मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट जेमतेम चाळीस-पन्नास. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याला चकाकी म्हणतो ती केसाहून पातळ आहे. पॉलिश करणं म्हणजे याच थरातून थोडं खरवडून काढणं. ओरखडा भरत नाही; त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. दर वसंतात हौसेनं गाडी घासून घेणारा माणूस दरवर्षी तिचं कवच पातळ करत असतो. त्यातून अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही कमी होतात.

म्हणून घाई पॉलिशची नको, धुण्याची हवी. आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा, तोही चाकांच्या कमानींत आणि पोटाखाली सर्वांत जास्त वेळ. मग फेस, मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. एवढं करूनही पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके राहतात. ते ब्रेकमधून उडालेल्या लोखंडाचे कण. लोह काढणारं द्रावण फवारलं की मिनिटाभरात दारावरून जांभळे ओघळ उतरू लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. वास सोसायचा, पण द्रावण वाळू द्यायचं नाही. डांबरासाठी वेगळं द्रावण. उरलेल्या खरखरीसाठी क्ले, म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा, भरपूर ओलाव्यावर हलक्या हातानं. तो जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यावा.

खरी निकडीची दुरुस्ती ओरखड्यांची नाहीच, टवक्यांची आहे. पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेला खडा बॉनेटच्या नाकावर टाचणीच्या डोक्याएवढा टवका काढतो. पत्रा उघडा पडला की खारं पाणी तिथून शिरतं आणि गंज रंगाखालून कडेकडेनं सरकत जातो. वर फोड दिसतो तेव्हा आत बराच पसरलेला असतो. जस्त चढवलेल्या पत्र्यानं हे संकट पुष्कळ लांबवलं. पोर्शनं सत्तरच्या दशकात, ऑडीनं ऐंशीच्या दशकाच्या मध्यात संपूर्ण बॉडी तशी दिली. लांबवलं, टाळलं नाही.

टवक्यातला सुटा गंज टोकदार पात्यानं खरवडायचा, गंजरोधक लावून वाळू द्यायचा, स्पिरिटनं पुसायचं. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर सापडतो. मग ब्रशच्या टोकानं नव्हे, टूथपिकनं प्रायमरचा एक थेंब. तो वाळला की रंग, दोन-तीन पातळ थरांत, कारण वाळताना तो बसतो. शेवटी क्लिअर, किंचित उंचवटा राहील इतका. काही दिवसांनी तो २०००च्या वॉटरपेपरनं ओला घासून सपाट करायचा. हवा दहा अंशांच्या वर असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. मिशिगनात त्यासाठी एप्रिलअखेर किंवा मे उजाडतो.

यानंतरही पॉलिश करायचंच असेल, तर जाडी मोजणाऱ्या मीटरनं प्रत्येक पॅनेल आधी तपासावं आणि सर्वांत सौम्य पॉलिश, सर्वांत मऊ पॅड यांनी सुरुवात करावी. एक हातभर जागा करून ती अल्कोहोलनं पुसली की पॉलिशमधलं तेल निघतं आणि ओरखडा गेलाय की नुसता झाकलाय ते कळतं. मग ब्राझीलच्या ताडपत्रांवरचं कार्नोबा मेण लावा नाहीतर सिलिकाचं सिरॅमिक कोटिंग. कोटिंग जास्त टिकतं हे खरं, पण खड्याचा मार त्यानंही थांबत नाही, मग दुकानदार काहीही सांगो. ज्या रेघेत नख अडकतं ती काढायला बसू नये. तेवढ्या वेळात दारांच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, ती काडीनं मोकळी करावीत. हिवाळाभराचा खारा गाळ तिथेच बसलेला असतो.