गाडी नाही, लायसन नाही, तरी दोख!



आमच्या घरात कधी गाडी नव्हती. आमचे हे दिमोनातल्या कारखान्यात बसनं गेले आणि बसनंच निवृत्त झाले. आम्ही बीर-शेवाच्या इस्पितळात तीस वर्षांवर नर्सची नोकरी केली, तीही बसमधूनच. दोघांपैकी एकाकडेही गाडी चालवायचं लायसन नाही. मुलं म्हणत, "आई, एक जुनी तरी गाडी घ्या." आम्ही म्हणायचो, "गाडी आली की तिची दुखणी आली." अशा घराला पार्किंगचा दंड झाला! तो कसा झाला आणि कसा सुटला ते सांगतो. दंडाच्या पैशांपेक्षा मोठं काहीतरी त्यात हातचं जाणार होतं, म्हणून मुद्दाम लिहायला घेतलं.

मे २०२२ ची गोष्ट. दोआरवाल्यानं दारात चिठ्ठी टाकली, रजिस्टर पत्र आलंय, घेऊन जा. चिठ्ठी आठवडाभर फ्रिजला चिकटून राहिली. रविवारी २२ मे ला जाऊन सही करून पाकीट आणलं. आत दुसऱ्याच एका शहराच्या इरियाचा दोख. पार खाली लिहिलेलं, २५० शेकेल भरा. १७ जानेवारी २०२२, सकाळी ११ वाजून २० मिनिटं, फुटपाथच्या लाल-पांढऱ्या कडेला गाडी उभी केली. नाव ह्यांचं, पत्ता आमचा, तेउदात झेउतचा नंबरही ह्यांचाच.

१७ जानेवारी! ती तारीख आम्ही कशी विसरू? त्या दिवशी तू बिश्वात होता, एलियाहू हन्नाबीचा उरूस. करोना जोरात होता म्हणून सिनेगॉगमध्ये न जाता घरीच मलिदा केला होता. सकाळी अकरा वाजता हे आमच्यासमोर बसून खोबरं किसत होते.

आम्ही म्हटलं, "अहो, हे तर सरळ आहे. चूक आहे म्हणून कळवू."

तर हे म्हणाले, "अगं, मरू दे. अडीचशे शेकेल. भरून टाकू आणि मोकळं होऊ. इरियाशी कोण भांडत बसणार?"

इतक्या पटकन पैसे सोडणारा हा माणूस नव्हे. बाजारात काकडीच्या किलोमागे अर्धा शेकेल कमी करून घेणारे हे! दोन दिवसांनी बोलता बोलता खरं कारण बाहेर आलं. ह्यांचा पुतण्या त्याच शहरात राहतो. मलिद्याच्या दिवशी तो संध्याकाळी आमच्याकडे आला होता, आणि आला होता भाड्याच्या गाडीनं. त्याच्या आदल्या महिन्यात कसल्याशा बँकेच्या कामासाठी त्यानं काकांच्या तेउदात झेउतची झेरॉक्सही नेली होती. ह्यांनी मनात दोन आणि दोन चार करून ठेवले होते. पोरानं काकांचा नंबर देऊन गाडी घेतली, आता बोभाटा नको, आपण गुपचूप भरू. मोठ्या भावाचा मुलगा, भाऊ तर राहिला नाही. एवढं बोलून हे गप्प झाले. त्या महिन्यात पुतण्याचा फोन आला की हे आमच्या हातात द्यायचे. "मी झोपलोय म्हणून सांग."

आता आम्ही काय करावं? आम्हा नर्सांना पहिल्या वर्षीच एक गोष्ट शिकवतात. जे औषध आपण दिलं नाही त्यापुढे सही करायची नाही, कुणावर कितीही माया असली तरी. सही केली की ते आपणच दिलं असं होतं. दंडाचंही तस्संच आहे, हे नंतर कळलं. आमच्या जिन्यात एक वकील बाई राहतात, त्यांनी समजावून सांगितलं. फौजदारी कामकाजाचा १९८२ चा कायदा आहे, त्याचं २२९ वं कलम. त्यात लिहिलंय की ज्यानं दंड भरला त्यानं जणू कोर्टापुढे गुन्हा कबूल केला, दोषी ठरला आणि शिक्षाही भोगून झाला. म्हणजे "भरून टाकू आणि मोकळं होऊ" असं नसतं. भरलं की कबूल केलं.

त्याच कलमातल्या आणखी गोष्टी बाईंनी सांगितल्या, त्या वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. दोख मिळाल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करा असा अर्ज करता येतो. भरायला ९० दिवस असतात, आणि "मला कोर्टात उभं करा, तिथे सांगीन" असं म्हणायलाही ९० दिवसच. काहीच केलं नाही तर ९० दिवसांनंतर माणूस दोषी धरला जातो आणि रकमेवर उशिराची भर पडत जाते. इरियाचा वकील तीन कारणांनी दोख रद्द करू शकतो. एक, गुन्हा झालाच नाही. दोन, गुन्हा झाला पण पत्र ज्याला गेलं त्यानं केला नाही. तीन, प्रकरण पुढे नेण्यात लोकांचं काही हित नाही. आमचं कारण दुसरं.

आणि चिठ्ठी फ्रिजवर ठेवून सुटका होत नाही बरं का. पार्किंगच्या दोखाचं रजिस्टर पत्र पाठवल्यावर १५ दिवसांनी ते मिळालं असंच धरतात, तुम्ही दोआरमध्ये गेला नाहीत तरी. हे ऐकून आम्हाला घाम फुटला.

अर्ज लिहायला बसलो. आम्ही मोठ्या हौसेनं मलिद्याची सगळी हकिगत लिहिली, कोण कोण आलं होतं, खोबरं कोण किसत होतं. बाईंनी वाचलं आणि हसून खोडलं. म्हणाल्या, "तुम्ही तिथे नव्हता हे उत्तरच नाही." कारण वाहतुकीच्या कायद्यात, २७ ब कलमात, पार्किंगचा दोष गाडीच्या मालकाच्या माथी असतो. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात होती हे मालकानं दाखवलं तर तो दोष त्या दुसऱ्याच्या माथी जातो. ह्याला हिब्रूत हसाबा म्हणतात. मालक घरी झोपलेला असला तरी चालतं. तेव्हा "आम्ही मलिदा करत होतो" हे सांगून काही होत नाही. "ही गाडी आमची नाही आणि आमच्या ताब्यातही कधी नव्हती" एवढंच सांगायचं.

मग तीन ओळींचा अर्ज झाला. दोखाचा नंबर अमुक. ह्या नंबराची गाडी आमच्या मालकीची नाही, आम्ही ती भाड्यानं घेतली नाही, आमच्याकडे लायसनही नाही. दोख रद्द करावा, आणि ज्या कागदावरून आमचं नाव आलं त्या कागदाची प्रत द्यावी. शेवटचं वाक्य बाईंचं. त्यानंच पुढे काम केलं. आमच्या नावावर कुठलीच गाडी नाही असा मिसराद हारिशूयचा कागद जोडला, ५ जूनला रजिस्टरनं पाठवलं, पावती डब्यात जपून ठेवली. कॅलेंडरवर २० ऑगस्टला लाल खूण केली, तो नव्वदावा दिवस.

जुलैत उत्तर आलं. नकार! गाडी तुमच्या मालकीची नाही हे ठीक, पण ती भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं कळवलंय की त्या दिवशी ती तुमच्या ताब्यात होती. सोबत भाड्याच्या कराराची प्रत. ह्यांनी पत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "बघ. मी म्हणत नव्हतो?" आम्हालाही क्षणभर वाटलं, पोरानं खरंच केलं की काय.

मग चष्मा पुसून कागद नीट पाहिला. गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता काळ्या शाईनं झाकलेला. पण सही उघडी होती, हिब्रूतली, लांबलचक. ती ह्यांची नव्हती, कारण आमचे हे आजही सही करतात ती मराठीत. पुतण्याची सही आम्ही त्याच्या लग्नाच्या केतुब्यावर पाहिलेली, तीही ही नव्हती. सहीखाली त्या गिऱ्हाइकानं आपल्या हातानं नंबर लिहिला होता. हा आणि ह्यांचा नंबर आम्ही शेजारी शेजारी ठेवले, जसं रक्त चढवण्याआधी दोन नर्स मिळून करतात: एकीनं मनगटावरच्या पट्टीचा नंबर वाचायचा, दुसरीनं पिशवीवरचा, एकेक आकडा मोठ्यानं. नुसत्या नावावर कधी जायचं नाही. वॉर्डात एकाच नावाचे दोन पेशंट किती वेळा असतात!

हे वाचत गेले, आम्ही ताडून पाहत गेलो. सगळे आकडे जुळले, फक्त मधल्या दोन ठिकाणी त्या गिऱ्हाइकानं ९० लिहिलं होतं आणि ह्यांच्या नंबरात ०९ आहे. कंपनीतल्या कुणीतरी टाईप करताना आकडे उलटे मारले, इरियानं त्या नंबरावरून नाव-पत्ता काढला, आणि पत्र आलं दिमोनाला.

आमची सहावीतली नात तिथेच बसली होती. म्हणाली, "आजी, असं होऊ शकत नाही. नंबर चुकला तर कॉम्प्युटर घेतच नाही." आणि मग तिनंच गणित करून पाहिलं. मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी, कागद-पेन्सिल घ्या.

तेउदात झेउतचे आकडे नऊ. पहिले आठ हा नंबर, नववा राखणदार. नमुन्याला १२३४५६७८ घेऊ. पहिल्या आकड्याला १ ने गुणा, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला परत १ ने, असं आठव्यापर्यंत. उत्तर दोन आकडी आलं तर ते दोन आकडे मिळवा: १२ चे ३, १६ चे ७. आता बेरीज: १+४+३+८+५+३+७+७ म्हणजे ३८. पुढचं दशक ४०, त्याला २ कमी. म्हणून राखणदार २. एखादा आकडा चुकला की बेरीज बिघडते आणि राखणदार ओरडतो. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तरी ओरडतो. पण एक जोडी त्याला फसवते, ० आणि ९. शून्याची दुप्पट शून्य. नवाची दुप्पट १८, आणि १ अधिक ८ परत नऊच! म्हणून ०९ लिहा की ९०, बेरीज तीच येते. राखणदार झोपलेला राहतो. आपापला नंबर घेऊन घरी करून पाहा, पण कागद मग फाडून टाका.

१६ ऑगस्टला, लाल खुणेच्या चार दिवस आधी, सगळे कागद पिशवीत घालून आम्ही दोघं बसनं आणि मग गाडीनं, म्हणजे आगगाडीनं, त्या शहराच्या इरियात गेलो. खिडकीतली मुलगी नातीच्या वयापेक्षा फार मोठी नसेल. तिनं दोन्ही नंबर पाहिले, परत पाहिले, ह्यांची मराठी सही पाहिली आणि आत गेली. आम्ही तासभर बाकावर बसलो. बाहेर आली ती कागद घेऊन: दोख रद्द. आम्ही तो कागद तिथेच उभं राहून वाचला, दोखाचा नंबर बरोबर आहे ना ते पाहिलं, शिक्का मागून घेतला. तोंडी "झालं, जा" वर कधी परतू नये.

परतीच्या आगगाडीत हे एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला वाटलं दमले असतील.

नव्याचा सण आला आणि गेला. पुतण्या बायको-मुलांना घेऊन आला, जेवला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. दारफाळणीच्या सणाच्या आदल्या दिवशी दुपारी ह्यांनी फोन लावला. देवाचं आणि माणसाचं जे असतं ते किप्पूरला मिटतं, पण माणसा-माणसातलं त्या माणसाकडेच जाऊन मिटवावं लागतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. आम्ही स्वयंपाकघरात होतो. ऐकू आलं, "मी तुझ्यावर चार महिने संशय घेतला. तुला कळलंही नाही. मला माफ कर." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पण त्यानंतर फोन अर्धा तास चालला, आणि मधेच हे हसले.

अडीचशे शेकेल भरले असते तर काय झालं असतं? इरिया खूश, कंपनी खूश, आणि आमच्या घरात एका निरपराध मुलावरचा डाग कायमचा. तो पुसायला कुणी आलंच नसतं, कारण तो कुणाला दिसतच नव्हता.

तेव्हा आमच्या बरोबरीच्या लोकांना हात जोडून सांगणं आहे. पाकीट आलं की उघडा. आमच्या मजल्यावरच्या मावशी इरियाची पाकिटं भीतीनं उशीखाली ठेवत, आता त्या आमच्याकडे आणतात आणि आम्ही मिळून वाचतो. हिब्रू वाचता येत नसेल तर नातवंडांना हाक मारा. तारीख लिहून ठेवा, ३० दिवस आणि ९० दिवस. नाव जुळतंय म्हणून थांबू नका, नंबर आकड्यानं आकडा पाहा. ज्या कागदावरून तुमचं नाव आलं तो कागद मागा. आणि फोनवर "दंड राहिलाय, इथे दाबून भरा" असा संदेश आला तर दाबू नका. असे खोटे संदेश फिरत असतात. इरियाचा नंबर स्वतः शोधा आणि तिथे विचारा.

मुलांनो, तुम्हाला एकच काम. आजी-आजोबा म्हणाले, "मरू दे, भरून टाकू," तर त्यांना विचारा, "का?" खरं कारण कधी कधी पाकिटात नसतं.