एका उपाहारगृहाची बदलती पाटी

डब्लिन शहराच्या उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवर, सँट्री नावाचे उपनगर आहे. माझी मुलगी शिक्षणासाठी आपल्या बेटावरून आयर्लंडला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. ती सँट्रीत राहते. मागल्या जुलै महिन्यात मी तिच्याकडे राहून आलो. इकडे ऊसतोडणी चालू होती आणि तिकडे उन्हाळा. पण तो उन्हाळा म्हणजे आपल्या क्यूरपीपचा जुलै. छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

सँट्रीत एक मोठी बाग आहे. पूर्वी ती एका जमीनदार घराण्याची वाडी होती. आधी बॅरी घराणे, मग डॉमव्हिल घराणे. त्यांचा वाडा आज उभा नाही, झाडे मात्र आहेत. १८४० च्या सुमारास या घराण्यातील लेडी डॉमव्हिल यांना स्वित्झर्लंडच्या घरांची हौस वाटली आणि त्यांनी आपल्या या गावात त्या धर्तीची छोटी घरे बांधवून घेतली. घरे स्विस, आत राहणारी माणसे आयरिश. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८४५ पासून, बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडात मोठा दुष्काळ आला. लाखो माणसे मेली, लाखो बोटींवर चढून परदेशी गेली. पुढे त्या घरांचे नाव घेऊन सँट्रीत 'स्विस कॉटेज' नावाचा पब निघाला. आता तो पबही राहिलेला नाही.

ही हकीकत ऐकताना मला आपल्या कोठीवरची जुनी घरे आठवली. कामगाराचे घर कसे दिसावे हे मालकाने ठरवायचे, ही रीत काही एकट्या आपल्या बेटाची नव्हती.

बागेतल्या बाकावर बसलो असताना मुलीने आपली एक गोष्ट सांगितली. विद्यार्थिनी असताना ती डब्लिनमधील एका उपाहारगृहात संध्याकाळी वाढपाचे काम करी. तिथल्या मालकाने तिला चकचकीत घागरा, कपाळाला मोठी टिकली आणि हातभर बांगड्या घालायला सांगितल्या. कारण काय, तर गिऱ्हाइकाला 'खरे हिंदुस्थान' दिसले पाहिजे. आमच्या घराण्यात पाच पिढ्यांत कोणी घागरा नेसले नाही. माझी आजी नऊवारी नेसे, आई साडी नेसे. मुलीला खोलीचे भाडे भरायचे होते, म्हणून तिने घागरा घातला.

"बाबा, तो वेष माझा होता का हो?" तिने विचारले.

मला चटकन उत्तर सुचले नाही. तेव्हा तिनेच मला दूरच्या एका उपाहारगृहाची गोष्ट सांगितली. परत आल्यावर मी तिच्याविषयी आणखी वाचले. वाचकांनीही ती ऐकावी, म्हणून हा लेख.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड उघडले. १९६१ साली पंडित नेहरू तिथे गेले तेव्हा स्वतः वॉल्ट डिस्नी त्यांच्याबरोबर हिंडले. मुलांची जत्रा, पण शिस्तीची. तिचे निरनिराळे भाग, आणि प्रत्येक भागाला एकेका काळाचा नाहीतर देशाचा देखावा. त्यातील एका भागात जुन्या अमेरिकेचा देखावा होता. तिथे बनावट नदीच्या काठी १९५५ च्या ऑगस्टमध्ये एक न्याहारीचे ठिकाण सुरू झाले. नाव 'आंट जेमायमाज पॅनकेक हाउस'. पॅनकेक म्हणजे आपल्या घावनाचा जाड, फुगीर भाऊ. वर लोणी आणि पाक घालून खातात. खर्च उचलणारी कंपनी होती क्वेकर ओट्स. आंट जेमायमा या नावाने ती पॅनकेकचे तयार पीठ विकत असे.

ही आंट जेमायमा कोण? खरे म्हणजे कोणीच नाही. १८८९ साली मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ गावी दोन गोऱ्या गृहस्थांनी हे पीठ काढले. एका तमाशेवजा खेळातले गाणे ऐकून त्यांनी त्याला हे नाव दिले. त्या खेळांत गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची टिंगल करीत. डोक्याला रुमाल बांधलेली, हसतमुख, मळ्याच्या मालकाला प्रेमाने रांधून वाढणारी काळी बाई, अशी या जेमायमाची मूर्ती घडवली गेली. 'आंट' म्हणजे काकू किंवा मावशी. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक वयस्क काळ्या बाईला अशी हाक मारीत, कारण तिला 'मिसेस' म्हणून मान द्यायचा नसे. आपणही घरकामाला येणाऱ्या बाईला मावशी म्हणतो. तिचे आडनाव किती जणांना ठाऊक असते?

मूर्तीला जिवंत करायला मात्र खऱ्या बाया लागल्या. पहिली नॅन्सी ग्रीन. केंटकीमध्ये गुलामगिरीत जन्मलेली. तिच्या जन्माचे साल १८३४ सांगतात. याच वर्षी आपले गिरमिटिया पूर्वज पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरू लागले, हे वाचकांना सांगायला नको. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन पॅनकेक भाजीत उभी राहिली आणि जुन्या मळ्याच्या गोड गोष्टी सांगू लागली. ऐकणाऱ्यांची गर्दी हटेना. गुलामगिरी जिने स्वतः भोगली, तिच्याच तोंडून 'ते दिवस किती सुखाचे' असे वदवून घेतले गेले. १९२३ साली शिकागोमध्ये मोटारीच्या अपघातात ती वारली. तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला २०२० साल उजाडले.

डिस्नीलँडमधील पॅनकेक हाउसात हा वेष आयलीन लुईस या बाईंकडे आला. रुमाल, शाल, लांब झगा असा पोशाख करून त्या पाहुण्यांचे स्वागत करीत, मुलांबरोबर फोटो काढून घेत. लोकांना त्या फार आवडत. १९६२ साली उपाहारगृह वाढवले आणि पाटीवर 'आंट जेमायमाज किचन' असे नाव आले. तेव्हा त्या पाटीबाहेरचे जग बदलत होते. काळे अमेरिकन लोक उपाहारगृहांत शेजारी बसून खाण्याच्या हक्कासाठी मार खात होते, तुरुंगात जात होते. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच वर्षी आयलीन लुईस वारल्या.

१९७० साली क्वेकर कंपनीचा संबंध सुटला आणि पाटी उतरली. थोडा काळ 'मॅग्नोलिया ट्री टेरेस' असे फुलझाडाचे नाव आले. १९७१ पासून ते 'रिव्हर बेल टेरेस' झाले. जुन्या नदीवरच्या आगबोटींची आठवण देणारी सजावट, बाहेर नदीकडे तोंड करून मांडलेली टेबले. मळा गेला, मालक गेला, रुमाल गेला. पॅनकेक मात्र राहिले. आज तिथे बसणाऱ्या पाहुण्याला मागची गोष्ट कळण्याचे काही कारण नाही.

पिठाच्या पुड्यावरची बाई मात्र सहजी हटली नाही. १९८९ साली तिच्या डोक्यावरचा रुमाल काढून कानांत मोती घातले. २०२० साली कंपनीने नाव आणि चित्र दोन्ही काढून टाकण्याचे जाहीर केले आणि २०२१ पासून पीठ 'पर्ल मिलिंग कंपनी' या नावाने विकले जाऊ लागले.

इथे गोष्ट संपली असती तर सोपे होते. पण २०२० साली टेक्सासमधील हॉकिन्स गावच्या लिलियन रिचर्ड यांच्या नातेवाइकांनी वेगळाच प्रश्न काढला. लिलियन रिचर्ड यांनीही पूर्वी कंपनीसाठी जेमायमाचा वेष करून गावोगाव काम केले होते. नातेवाइकांचे म्हणणे असे, की नाव पुसाल तर आमच्या बाईचे कष्टही पुसले जातील. त्या काळात काळ्या बाईला पगाराचे काम सहज मिळत नव्हते. तिने ते मानाने केले आणि गावाने तिचा अभिमान बाळगला. मला हे बोलणे फार खोल वाटले. खोटी मूर्ती काढून टाकावी हे खरेच. पण मूर्तीच्या आत जी खरी बाई उभी होती, तिचे काय? पाटी उतरवणारा बहुधा तिला विसरतो.

रिव्हर बेलपासून चार पावलांवर न्यू ऑर्लिन्सचा देखावा आहे. तिथे १९६६ पासून 'फ्रेंच मार्केट' नावाचे उपाहारगृह होते. २०२३ च्या सप्टेंबरात त्याच जागी 'टियानाज पॅलेस' उघडले. टियाना ही २००९ च्या डिस्नी चित्रपटातील काळी नायिका. वाढपाचे काम करून पै पै साठवते आणि शेवटी स्वतःचे उपाहारगृह काढते. तिच्यामागे न्यू ऑर्लिन्सच्या नामांकित स्वयंपाकी लीया चेस यांची प्रेरणा होती. जिथे एके काळी काळ्या बाईने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात हसत उभे राहायचे, तिथून हाकेच्या अंतरावर आज काळ्या मुलीचे नाव मालकीण म्हणून पाटीवर आहे. गल्ला अजून कंपनीचाच, हे मी विसरत नाही. तरी या दोन पाट्यांमध्ये जे अंतर आहे, ते चालून जायला सदुसष्ट-अडुसष्ट वर्षे लागली.

आता आपल्याकडे पाहू या. बो प्लांचा साखर कारखाना १९९९ साली बंद पडला. २००२ साली त्याच इमारतीत साखरेचे संग्रहालय उघडले. शेजारी उपाहारगृह आहे, त्याचे नावच 'फांगूरें', म्हणजे आपला उसाचा रस. संग्रहालयात गुलामगिरीची आणि गिरमिटाची हकीकत मांडलेली आहे, ही चांगली गोष्ट. पण कारखाने एकामागून एक बंद होत गेले आणि धुराडी तेवढी उरली. उद्या आणखी कोणी जुन्या कोठीचा देखावा उभारील, छपराखाली टेबले मांडील आणि आपल्या मुलींना वाढपाला ठेवील. सेगाचे उदाहरण समोर आहे. अंगणात शेकोटीभोवती नाचणारी सेगा वेगळी आणि हॉटेलच्या तलावाकाठी घेरदार झगा पसरून दाखवायची सेगा वेगळी. आपली झाकरी, आपला गोंधळ, आपली नऊवारी यांची पाळी कधीही येऊ शकते.

आयरिश लोकांचा अनुभवही ऐकण्यासारखा आहे. १९९० नंतरच्या काळात डब्लिनच्या कंपन्यांनी आख्खेच्या आख्खे 'आयरिश पब' तयार करून परदेशी पाठवले: फळ्या, पाट्या, जुन्या बाटल्या सगळे. मुलीच्या शेजारी राहणारे एक आयरिश आजोबा म्हणाले, "आमची गरिबी आता भिंतीवर टांगायची वस्तू झाली आहे. निदान टांगणारे तरी आमचेच होते." त्यांच्या या शेवटच्या वाक्यावर मी बराच विचार केला.

वेष वाईट नसतो. गणेश चतुर्थीला माझी तीच मुलगी डब्लिनमध्ये चार मराठी घरांना जमवून आरती करते. त्या दिवशी ती माझ्या आजीची नऊवारी नेसते. फोन करून आईला निऱ्या कशा घ्यायच्या हे विचारते, दोनदा चुकते आणि मग नेसते. त्या वेळी ती कोणाची नोकर नसते. कपडा परकाच असतो असे नाही आणि आपलाच असतो असेही नाही. तो कोणी घालायला सांगितला आणि आत उभ्या असलेल्या बाईचे नाव कोणाला माहीत आहे, यावर सगळे अवलंबून असते.

म्हणून वाचकांना एकच विनंती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाची दफ्तरे जपून ठेवलेली आहेत. क्रमांक, नाव, गाव, बोटीचे नाव, काहींचे छायाचित्रही. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, कागद शोधा, एकदा तिथे जाऊन या. आपल्या पणजीचे नाव वहीत लिहून ठेवा. उद्या कोणी आपल्या कोठीचा देखावा उभारला, तर त्याच्या दारात उभे राहून सांगता आले पाहिजे, की या घरात जी बाई चूल फुंकत होती तिला नाव होते, आणि ते अमुक होते.

सँट्रीच्या बागेतल्या प्रश्नाचे उत्तर मी मुलीला परवा पत्राने कळवले. लिहिले, घागरा तुझा नव्हता. पण त्या घागऱ्यात उभे राहून ज्या मुलीने आपले शिक्षण पुरे केले, ती आमची होती. तिची लाज वाटू देऊ नकोस.