चेंडूचा ताबा, अपेक्षित गोल आणि चाहत्यांचा वाद

क्रिकेट पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला खेळ आणि आकडेवारी यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण तेथे प्रत्येक चेंडू ही सुटी घटना असते, तिच्या अखेरीस धाव, बळी किंवा निर्धाव चेंडू अशी नोंद होते आणि अशा शेकडो नोंदींची बेरीज म्हणजेच सामना असतो. फुटबॉलमध्ये मात्र खेळ सलग वाहतो, बावीस खेळाडू एकाच वेळी हलत असतात आणि निकाल ठरवणारी घटना, म्हणजे गोल, फार विरळा घडते. कतारमधील 2022 च्या विश्वचषकात 64 सामन्यांत मिळून 172 गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सरासरी तीनही नाहीत. इतक्या थोड्या घटनांवर निकाल ठरत असल्यामुळे गोलखांबाला लागून परतलेला एक चेंडू किंवा पंचांचा एक निर्णय नव्वद मिनिटांच्या खेळाचे पारडे फिरवू शकतो, आणि आकड्यांवरून सामना कळतो की नाही, हा चाहत्यांमधला वाद येथूनच सुरू होतो.

याच विश्वचषकात 1 डिसेंबर रोजी जपानने स्पेनला 2-1 असे हरवले, तेव्हा चेंडूचा ताबा जपानकडे 18 टक्क्यांहूनही कमी होता आणि स्पेनने हजारावर पास दिले होते. आकडेवारी निरुपयोगी आहे असे मानणाऱ्यांना याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. पण सामन्याचा क्रम पाहिला तर तोच आकडा वेगळे काही सांगू लागतो. मध्यंतरापर्यंत पिछाडीवर असलेल्या जपानने 48व्या आणि 51व्या मिनिटाला गोल केले आणि त्यानंतर उरलेला सगळा वेळ आपल्या गोलपुढे दाट फळी उभारून स्पेनला चेंडू खेळवू दिला. आघाडीवरचा संघ मागे सरतो आणि पिछाडीवरचा संघ पुढे येतो, त्यामुळे ताब्याची टक्केवारी अनेकदा निकालाचे कारण नसून निकालाचाच परिणाम असते. आकडा खोटा नव्हता. त्याला जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

चुकीच्या प्रश्नाची किंमत किती मोठी असू शकते, हे इंग्लंडच्या चार्ल्स रीप यांच्या कामातून दिसते. हवाई दलात हिशेबनीस असलेल्या रीप यांनी 18 मार्च 1950 रोजी स्विंडन येथील सामन्याच्या उत्तरार्धात वही काढून प्रत्येक चढाईची नोंद करायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षे, शेकडो सामन्यांत, ते काम अपार चिकाटीने चालू ठेवले. त्यांना असे आढळले की सुमारे 80 टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढायांतून होतात, आणि त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की मधल्या फळीत पासांची गुंफण करत बसण्यापेक्षा चेंडू लवकरात लवकर लांब पुढे टाकावा. या विचाराचा इंग्लंडच्या प्रशिक्षणपद्धतीवर दीर्घकाळ प्रभाव राहिला. परंतु त्यांच्याच नोंदींत 90 टक्क्यांहून अधिक चढाया मुळात तीन पासांच्या आत संपत होत्या. म्हणजे 90 टक्के चढायांतून 80 टक्के गोल आणि उरलेल्या जेमतेम 10 टक्के लांब चढायांतून 20 टक्के गोल, असा तो हिशेब होता. गोलांची संख्या न पाहता चढाईमागे गोलांचे प्रमाण पाहिले असते, तर लांब गुंफण निदान दुप्पट फलदायी ठरली असती. नोंदी इतक्या काटेकोर आणि भागाकार मात्र राहून गेलेला, ही खेळाच्या अभ्यासातली खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

आज वादाच्या केंद्रस्थानी असलेले माप म्हणजे ‘अपेक्षित गोल’, ज्याला चाहते ‘एक्सजी’ म्हणतात. पूर्वी घेतल्या गेलेल्या हजारो फटक्यांची नोंद पाहून, विशिष्ट अंतरावरून, विशिष्ट कोनातून, पायाने किंवा डोक्याने मारलेला फटका किती वेळा गोलमध्ये जातो, हे काढले जाते आणि प्रत्येक फटक्याला शून्य ते एक यांमधले मूल्य दिले जाते. पेनल्टीचे मूल्य 0.75 च्या थोडे वर असते, तर दूरवरून मारलेल्या सामान्य फटक्याचे 0.05 च्या आसपास किंवा त्याहून कमी. या मूल्यांची बेरीज म्हणजे संघाचे अपेक्षित गोल. ही बेरीज मात्र जपून वाचावी लागते: 0.05 मूल्याचे वीस फटके आणि 0.5 मूल्याचे दोन फटके यांची बेरीज सारखीच, म्हणजे 1 येते, पण निदान एक गोल होण्याची शक्यता पहिल्या संघाला सुमारे 64 टक्के आणि दुसऱ्याला 75 टक्के असते. शिवाय गोलपुढून आडवा गेलेला क्रॉस स्ट्रायकरच्या बुटापासून बोटभर अंतरावरून निसटला, तर फटकाच न झाल्यामुळे या हिशेबात त्याची किंमत शून्य धरली जाते, जरी स्टेडियममधल्या प्रत्येकाने त्या क्षणी श्वास रोखलेला असला तरी. बचावाची अडचण याहून मोठी आहे. योग्य जागी उभा असलेला बचावपटू पास द्यायलाच धजावू देत नाही, आणि न घडलेल्या पासाची नोंद साध्या मोजणीत होत नाही. म्हणून केवळ टॅकल मोजून बचावपटूची पारख करणे धोक्याचे ठरते. डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या चाहत्यांचा हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे.

तरीही डोळ्यांच्या मर्यादा कमी नाहीत, कारण स्मरणशक्ती गोल जपून ठेवते आणि हुकलेल्या संधी विसरते, आणि लागोपाठ पराभव झाले की तोच संघ पाहणाऱ्याला अचानक दुबळा दिसू लागतो. 2014-15 च्या हंगामात युर्गेन क्लॉप यांचा बोरुसिया डॉर्टमुंड संघ मध्यावर, 17 सामन्यांत 15 गुण मिळवून, जर्मन लीगमध्ये शेवटून दुसरा होता. लिव्हरपूल क्लबमधील भौतिकशास्त्रज्ञ इयन ग्रॅहम यांनी मात्र फटके, पास आणि संधी यांच्या नोंदींवरून असे मत मांडले की संघाचा खेळ त्याच्या स्थानाला शोभण्याइतका वाईट नसून त्याला नशिबाने दगा दिला आहे. सप्टेंबर 2014 मध्ये माइंझकडून 0-2 असा झालेला पराभव त्यांनी पुढे खुद्द क्लॉप यांच्यापुढे उलगडून दाखवला; तो सामना त्यांनी पाहिलेलाच नव्हता, केवळ त्याची आकडेवारी अभ्यासली होती. डॉर्टमुंडने तो हंगाम सातव्या स्थानावर संपवला, ऑक्टोबर 2015 मध्ये क्लॉप लिव्हरपूलचे प्रशिक्षक झाले आणि 2019 मध्ये त्यांनी क्लबला चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. एका सामन्यात दैव जितके प्रबळ असते तितके ते चौतीस सामन्यांत राहत नाही, आणि म्हणूनच हंगामाच्या पल्ल्यावर ही मापे डोळ्यांपेक्षा विश्वासार्ह ठरतात.

गोव्यातील चाहत्यांना या दोन्ही बाजू एकाच हंगामात अनुभवास आल्या. सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली चेंडू आपल्याकडे राखून खेळणाऱ्या एफसी गोवाने 2018-19 च्या इंडियन सुपर लीगमध्ये साखळी फेरीत सर्व संघांपेक्षा जास्त गोल केले, परंतु 17 मार्च 2019 रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात, जादा वेळेची अवघी काही मिनिटे उरली असताना, बंगळुरूच्या राहुल भेकेने कॉर्नरवर डोक्याने केलेल्या एकमेव गोलने चषक हातचा गेला. त्या संध्याकाळचा विजेता आकड्यांनी बदलत नाही. पण हंगामभर सर्वाधिक गोल करणारा संघ कोणता, याची नोंदही त्या एका गोलने पुसली जात नाही, आणि पुढच्याच वर्षी, 2019-20 मध्ये, साखळी फेरीत अव्वल ठरून एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पात्र ठरणारा पहिला भारतीय क्लब एफसी गोवा हाच होता.